स्वतः गायलेल्या नाट्यपदावर दुसऱ्याचा दावा : आमच्या लघुपटात नेमके काय चुकले?

तिसरी घंटा

नमस्कार. आम्ही चौघे पुण्यातल्या एका महाविद्यालयात पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहोत. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अठरा मिनिटांचा एक लघुपट केला. वाडा पाडून तिथे इमारत उभी राहणार आहे, आजीला पन्नास वर्षांचे सामान आवरायचे आहे आणि नात तिच्या मदतीला आली आहे, एवढीच गोष्ट. सबंध लघुपटात या दोघींशिवाय कोणी नाही, आणि त्या एकमेकींशी जे बोलत नाहीत ते सगळे आम्ही गाण्यांवर सोपवले होते. आता त्याच गाण्यांनी आम्हाला पेचात टाकले आहे, म्हणून ही विचारणा.

लघुपटात चार ठिकाणी संगीत आहे. पहिल्या प्रसंगात आजीला ट्रंकेत गीतरामायणाची जुनी कॅसेट सापडते. फीत बाहेर आलेली असते. ती पेन्सिल घालून हळूहळू फीत गुंडाळते, कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घालते आणि सुमारे दीड मिनिट सुधीर फडक्यांच्या आवाजातले गीत ऐकू येते. कॅसेट माझ्याच आजीची आहे आणि ती रीतसर विकत घेतलेली आहे. दुसऱ्या प्रसंगात कोपऱ्यातल्या टीव्हीवर प्रभातचा १९३६ सालचा 'संत तुकाराम' चालू असतो. चाळीस सेकंद पडदा दिसतो आणि 'आधी बीज एकले' ऐकू येते. तिसऱ्या प्रसंगात नात वाड्यातली पेटी उघडून 'संगीत स्वयंवर'मधले 'नाथ हा माझा' म्हणते. हे पद आमच्याच मैत्रिणीने स्वतः वाजवून गायले आहे. पेटीची एक पट्टी अडकते आणि भात्यातून हवा सुटल्याचा आवाज येतो, तो आम्ही मुद्दाम तसाच ठेवला. शेवटी श्रेयनामावलीखाली जी सतार वाजते, ती इंटरनेटवरच्या एका 'रॉयल्टी-फ्री' संग्रहातून घेतली आहे.

महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात लघुपट दाखवला तेव्हा कोणी काही म्हटले नाही, उलट पेटीच्या प्रसंगाला टाळ्या पडल्या. पुढे तो आम्ही एका व्हिडिओ संकेतस्थळावर चढवला आणि चहा पिऊन परत येईपर्यंत तीन दावे येऊन पडले होते. गीतरामायणावर दावा येणार याची धाकधूक आम्हाला होतीच, प्रभातच्या चित्रपटावर आला याचे थोडे आश्चर्य वाटले, पण तिसरा दावा पेटीवरच्या पदावर आलेला पाहून आम्ही हतबुद्ध झालो. एका संगीत कंपनीच्या ध्वनिमुद्रणाशी आमचे गाणे 'जुळते' म्हणे. जिचा आवाज, जिची पेटी, तीच खोलीत माझ्या शेजारी बसली होती.

त्या रात्री आमच्या गटावर पहाटे अडीचपर्यंत वाद चालला. एकाचे म्हणणे असे की तीस सेकंदांपेक्षा कमी वापर केला तर कायदा काही म्हणत नाही, तेव्हा गाणी कापून टाकू. दुसरीचे म्हणणे असे की आपण श्रेयनामावलीत सगळ्यांची नावे दिली आहेत आणि यातून एक रुपयाही मिळवलेला नाही, मग कोणाचे काय बिघडले? तिसऱ्याने कॅसेट विकत घेतल्याचा मुद्दा लावून धरला. शिक्षणासाठी केलेल्या कामाला सूट असते असे मी कुठेतरी वाचले होते, ते मी सांगितले. आम्हाला आता हा लघुपट विद्यार्थ्यांच्या एका महोत्सवाला पाठवायचा आहे आणि तिथल्या अर्जात 'सर्व संगीताची परवानगी घेतलेली आहे' असे लिहून द्यायचे आहे. खोटे लिहून द्यायची इच्छा नाही. चौघांपैकी कोणाचे म्हणणे बरोबर आहे, आणि चारपैकी कोणता प्रसंग वाचवता येईल?

कलम बावन्न

तुम्ही प्रसंग इतके नेटके सांगितले आहेत की उत्तर देणे सोपे झाले. तुमच्या चौघांच्या वादाचा निकाल आधी लावतो : तिघांचे म्हणणे चूक आहे आणि तुमचे अर्धे बरोबर आहे.

तीस सेकंदांचा नियम भारतीय कायद्यात कुठेही नाही. तो वसतिगृहांच्या भिंतींतून पिढ्यान्‌पिढ्या झिरपत आलेला समज आहे. कोणी तीस म्हणतो, कोणी दहा, कोणी आठ मात्रा. अगदीच क्षुल्लक वापराकडे न्यायालये काणाडोळा करतात हे खरे, आणि एका वृत्तवाहिनीने गाण्यांच्या मोजक्या ओळी वापरल्याच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ साली तसा निर्णय दिलेलाही आहे. पण ज्या गीतावर तुमचा अख्खा प्रसंग उभा आहे, त्याला क्षुल्लक कसे म्हणणार? श्रेय देणे हा सभ्यपणा झाला आणि तो करावाच, मात्र श्रेय दिल्याने परवानगी मिळत नाही. पैसे न मिळवल्याचा मुद्दा नुकसानभरपाई किती हे ठरवताना उपयोगी पडेल, हक्कभंग झाला की नाही हे ठरवताना नाही. राहिली कॅसेट. आजीने विकत घेतली ती फीत आणि तिच्यावरचे गाणे घरी ऐकण्याची मुभा. पुस्तक विकत घेतले म्हणून कोणाला ते छापून वाटता येत नाही, तसेच हे आहे.

आता तुमचे म्हणणे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या ज्या कलमावरून मी इथले नाव घेतले आहे, त्याच्या पहिल्या पोटकलमातल्या खंड 'जे'मध्ये शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमांपुरती सवलत आहे. विद्यार्थी आणि शिक्षकांनी नाटक किंवा संगीत सादर केले तर तो हक्कभंग होत नाही. चित्रपट किंवा ध्वनिमुद्रण ऐकवले-दाखवले तरी होत नाही, मात्र त्या वेळी प्रेक्षकांत विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसे एवढीच असली पाहिजेत. म्हणून स्नेहसंमेलनात तुम्हाला कोणी अडवले नाही. लघुपट सर्वांसाठी चढवला त्या क्षणी प्रेक्षागृहाचे दार उघडले गेले आणि सवलत संपली. शिवाय गाणे चित्रफितीत कायमचे बसवणे ही गाणे वाजवण्याहून वेगळी कृती आहे आणि तिच्यासाठी वेगळी परवानगी लागते. तिला या धंद्यात सिंक परवाना म्हणतात.

तुमचा खरा घोटाळा मात्र निराळा आहे, आणि तो बहुतेकांचा होतो. आपण 'गाणे' म्हणतो तेव्हा आपल्या मनात एक वस्तू असते, कायद्याला मात्र तिथे निदान चार दिसतात : शब्द, चाल, गायकाचे सादरीकरण आणि ध्वनिमुद्रण. चौघांचे मालक वेगळे असू शकतात आणि प्रत्येकाचे घड्याळ स्वतंत्र चालते. शब्द आणि चाल यांवरचा हक्क कवी किंवा संगीतकार हयात असेपर्यंत आणि त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रण आणि चित्रपट यांची ६० वर्षे ते प्रसिद्ध झाले त्याच्या पुढच्या वर्षापासून मोजायची. गायकाच्या सादरीकरणावरचा हक्क ५० वर्षांचा. जाता जाता सांगतो, ही साठ वर्षे पूर्वी पन्नास होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली गेले, त्यामुळे १९९१ च्या अखेरीस विश्वभारतीकडचे हक्क संपणार होते, आणि ते राखण्यासाठी देशभराची मुदत दहा वर्षांनी वाढवली गेली. एका कवीच्या पुण्याईचा लाभ सगळ्यांच्या वारसांना झाला.

हे माप तुमच्या प्रसंगांना लावून पाहा. गीतरामायण आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १९५५ च्या एप्रिलपासून प्रसारित होऊ लागले, म्हणजे त्याला सत्तरी उलटली. म्हणून ते मोकळे झाले असेल असे वाटू शकते. पण गदिमा १९७७ साली गेले, त्यामुळे शब्दांवरचा हक्क २०३७ च्या अखेरपर्यंत आहे. बाबूजी २००२ साली गेले, त्यामुळे चालींवरचा हक्क २०६२ च्या अखेरपर्यंत. एखादे ध्वनिमुद्रण स्वतः मुदतबाह्य झाले तरी आतले शब्द आणि चाल बंदिस्तच राहतात. हा प्रसंग परवानगीशिवाय वाचणार नाही.

'संत तुकाराम'चा प्रसंग सर्वांत गमतीचा आहे. चित्रपट म्हणून त्याची मुदत गेल्या शतकातच संपली, तेव्हा टीव्हीवर दिसणाऱ्या दृश्यांना कोणी हरकत घेऊ नये. तुकोबांच्या अभंगांवर अर्थातच कोणाचा हक्क नाही. पण तुम्ही नेमके 'आधी बीज एकले' निवडलेत, आणि तो तुकोबांचा अभंग नाही! ती शांताराम आठवले यांनी त्या चित्रपटासाठी केलेली रचना आहे. ती इतकी हुबेहूब उतरली की भल्याभल्यांना गाथेतली वाटते. आठवले यांच्या निधनाला अजून ६० वर्षे झालेली नाहीत, म्हणजे चित्रपट मोकळा आणि त्यातल्या गाण्याचे शब्द बंदिस्त, अशी ही अवस्था आहे.

कोणी तुम्हाला असेही सांगेल की टीव्ही तर पार्श्वभूमीला होता, तो 'आनुषंगिक' वापर आहे. तशी सवलत कायद्यात आहे, पण ती चित्र, शिल्प अशा कलाकृतींपुरती. आजीच्या भिंतीवरचे कॅलेंडर आणि त्यावरचा गणपती तिच्यात बसतात, टीव्हीतून येणारे गाणे बसत नाही.

सतारीबद्दल एकच सूचना. 'रॉयल्टी-फ्री' म्हणजे फुकट नव्हे. एकदा अटी मान्य केल्या की प्रत्येक वापरासाठी पुन्हा पैसे द्यावे लागत नाहीत, इतकाच त्याचा अर्थ. त्या संग्रहाच्या अटींचे पान आजच उतरवून ठेवा. महोत्सवातले प्रदर्शन तिथे वर्ज्य असेल तर दुसरी सतार शोधा.

पेटीच्या प्रसंगावर मी लिहीत नाही, कारण त्याचे अधिकारी माणूस इथे आहेत आणि ते आल्याशिवाय राहणार नाहीत.

काळी पाच

आलो. तीसेक वर्षे मी नाट्यसंगीताला पेटीची साथ करतो आहे, त्यामुळे हा प्रश्न वाचून मला राग आधी आला आणि हसू नंतर.

'संगीत स्वयंवर' रंगभूमीवर आले १९१६ साली. पदे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची. ते १९४८ साली गेले, म्हणजे २००९ च्या १ जानेवारीपासून त्यांचे शब्द सर्वांचे झाले. चाली भास्करबुवा बखल्यांच्या. ते १९२२ सालीच गेले. तेव्हा शब्द मोकळे, चाल मोकळी, आवाज तुमच्या मैत्रिणीचा, बोटे तिची आणि मुद्रण तुमचे. कंपनीकडे तिच्या कलाकाराने गायलेल्या त्या एका मुद्रणाचा हक्क असेल, तो तिला लखलाभ होवो. पण ते मुद्रण तुम्ही वापरलेलेच नाही.

मग दावा का आला? कारण ही तपासणी माणूस करत नाही. कंपन्यांनी आपापल्या मुद्रणांचे नमुने यंत्रणेकडे देऊन ठेवलेले असतात, आणि नव्या चित्रफितीतला आवाज त्या नमुन्यांशी ताडून पाहिला जातो. हल्ली नुसते मुद्रणच नव्हे तर सुरावटही ताडली जाते. 'नाथ हा माझा' कोणीही गायले तरी त्याचा मुखडा तसाच येणार, यमन काही दर गायकाला बदलत नाही. यंत्राला मेळ दिसतो, मालकी दिसत नाही. माझ्या एका शिष्येने घरच्या गणपतीपुढे म्हटलेल्या आरतीवरही असाच दावा आला होता.

एक गंमत सांगायचा मोह आवरत नाही. जुन्या संगीत नाटकांच्या छापील प्रती चाळल्यात तर कितीतरी पदांच्या डोक्यावर 'चाल' असे लिहून पुढे कुठल्या तरी लावणीचे, साकीचे किंवा कानडी पदाचे पहिले शब्द छापलेले आढळतील. ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव पदाच्या कपाळावर लावूनच आमची रंगभूमी उभी राहिली. त्या रंगभूमीच्या पदावर आज यंत्राने मालकी सांगावी, याला काय म्हणावे?

तुम्ही हे करा. त्या दाव्याला हरकत घ्या, आणि हरकत लिहिताना चिडचिड न करता चार वाक्ये लिहा : पदकर्त्याचे व संगीतकाराचे निधनवर्ष, नाटकाचे प्रथम प्रयोगाचे वर्ष, गायन-वादन आमच्या गटातील कलाकाराचे असल्याचे निवेदन, आणि कोणतेही पूर्वमुद्रण वापरलेले नाही हे स्पष्ट विधान. अशा संकेतस्थळांवर दावेदाराला उत्तरासाठी साधारण ३० दिवस दिले जातात. त्या मुदतीत तो काही बोलला नाही तर दावा आपोआप गळून पडतो. तुमच्याकडे मूळ चित्रण असेल, पट्टी अडकलेली दिसत असेल, तर ती फाइल जपून ठेवा. तिच्याइतका चांगला पुरावा दुसरा नाही. कुठल्याही कंपनीने अशी खोकणारी पेटी बाजारात आणलेली नाही.

आणि गाण्याच्या मुलीकडून तुम्ही लेखी संमती घेतली आहे का? त्या सादरीकरणावर कायद्याने कोणाचा हक्क असेल तर तिचाच आहे.

तिसरी घंटा

लेखी संमती घेतली नव्हती. मैत्रिणीकडून कागद घ्यायचा हे आमच्या मनातही आले नव्हते. काल मेसच्या टेबलावर पानभर मजकूर लिहून तिच्यापुढे ठेवला, तेव्हा तिने आधी माझ्याकडून डब्याचे दोन महिन्यांचे पैसे मागितले आणि ते मिळाल्यावरच सही केली.

एक उपप्रश्न आहे. गीतरामायणाचे तेच गीत आमच्या मैत्रिणीनेच गायले तर चालेल का? कव्हर आवृत्तीला कायद्यात मुभा आहे असे ऐकतो.

कलम बावन्न

मुभा आहे, पण तुम्हाला हवी तशी नाही. कलम ३१ 'सी'नुसार मूळ गाणे ध्वनिमुद्रित झाल्याच्या वर्षानंतर ५ वर्षे उलटली की हक्कधारकाला आधी सूचना देऊन आणि स्वामित्वशुल्क भरून त्याची कव्हर आवृत्ती काढता येते. ते शुल्क दर वर्षी किमान ५०,००० प्रतींचे धरले जाते, त्यामुळे विद्यार्थ्यांच्या खिशाला ते मानवणारे नाही. त्याहून मोठी अडचण अशी की हे कलम ध्वनिमुद्रणापुरते आहे. लघुपटात गाणे बसवायचे तर पुन्हा शब्दांच्या आणि चालीच्या हक्कधारकांकडेच जावे लागेल. जा, विचारून पाहा. विद्यार्थी आहोत असे प्रांजळपणे लिहिले की कधी कधी नाममात्र रकमेत परवानगी मिळते. मात्र उत्तर येईपर्यंत ते गीत लघुपटात ठेवू नका.

स्पायरल बाइंडिंग

विषयाला थोडासा फाटा फोडतो. शिक्षणाची सवलत इतकीच तोकडी असेल, तर आम्ही दर सत्राला पुस्तकांच्या प्रकरणांच्या झेरॉक्स काढून जे गठ्ठे बांधून घेतो, ते सगळे बेकायदेशीर समजायचे का? परीक्षेच्या आदल्या रात्री आमच्या गल्लीत झेरॉक्सच्या दुकानाबाहेर रेशनला असते तशी रांग असते.

कलम बावन्न

फाटा नाही, रस्ता तोच आहे. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन प्रकाशकांनी २०१२ साली दिल्ली विद्यापीठ आणि तिथल्या रामेश्वरी झेरॉक्स दुकानाविरुद्ध नेमका हाच खटला भरला होता. अभ्यासक्रमात नेमलेल्या पुस्तकांतली प्रकरणे एकत्र करून त्यांचे संच विकले जात होते. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी सप्टेंबर २०१६ मध्ये दावा फेटाळला. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये खंडपीठाने तत्त्वाच्या प्रश्नावर विद्यार्थ्यांच्या बाजूने कौल दिला, आणि प्रकाशकांनी पुढे खटला सोडून दिला. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली नक्कल कायद्याला मान्य आहे, आणि 'शिकवण्याचा ओघ' म्हणजे वर्गातला तास एवढाच नव्हे, असे न्यायालयाने मानले. संच किती पानांचा यापेक्षा तो अभ्यासाच्या गरजेपुरता आहे की नाही, ही कसोटी ठरली.

तेव्हा नेमलेल्या प्रकरणांचा गठ्ठा बांधायला हरकत नाही. अख्खी कादंबरी झेरॉक्स करून मित्राला वाढदिवसाला भेट देणार असाल, तर मला त्या गावचे धरू नका.

खोली नंबर चौदा

मी तुमच्याहून वीस-बावीस वर्षांनी मोठा आहे आणि अभियांत्रिकीला असताना वसतिगृहात राहिलो आहे, त्यामुळे या चर्चेत माझी जागा आरोपीच्या पिंजऱ्यात आहे. आमच्या मजल्यावरचे सगळे संगणक एका तारेने जोडलेले होते आणि माझ्या खोलीतल्या ४० जीबीच्या हार्ड डिस्कवर जे होते, ते सगळ्या मजल्याचे होते. शुक्रवारी प्रदर्शित झालेला चित्रपट रविवारी आमच्याकडे यायचा. पडद्याच्या कोपऱ्यात उठून जाणाऱ्या माणसाचे डोके दिसायचे आणि आम्ही त्या डोक्यालाही नाव ठेवले होते. आता चित्रपटगृहात असे चोरून चित्रण करणाऱ्याला २०२३ च्या दुरुस्तीनुसार किमान तीन महिन्यांची कैद आणि तीन लाखांचा दंड आहे. त्या वेळी आम्हाला तो मनुष्य समाजसेवक वाटत असे.

खोटे कशाला बोलू? जगभरचे चित्रपट मी तिथेच पाहिले. इराणी, जपानी, पोलिश, आणि जुने मराठीसुद्धा. ते विकत घ्यायचे म्हटले असते तर पैसे नव्हतेच, पण पैसे असते तरी बहुतेक चित्रपट पुण्याच्या कुठल्याच दुकानात नव्हते. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात कधी खेळ असला तर सायकलवरून जायचो. नक्कल म्हणजे निव्वळ चोरी, असे सरसकट विधान माझ्या तोंडून निघणार नाही. आपल्याकडच्या मूकपटांपैकी मोजकेच आज उरले आहेत, आणि जे उरले त्यातले काही कुणीतरी कुठेतरी एक जास्तीची प्रत ठेवून दिली म्हणून उरले.

माझे मत बदलले ते उपदेशाने नाही. नोकरीत रुळल्यावर एका गीतकार मित्राशी स्नेह जडला. त्याच्या एका गाण्यावर आमच्या कंपनीच्या वार्षिक समारंभात दोनशे माणसे नाचली, आणि मी कौतुकाने त्याला फोन केला. त्याने विचारले, "गाणे वाजवायचा परवाना काढला होता का रे?" मी गप्प. त्याने त्या गाण्याचे एकरकमी पैसे घेऊन सगळे हक्क लिहून दिलेले होते, कारण तेव्हाचे करारच तसे असत. २०१२ च्या दुरुस्तीने ही प्रथा मोडली. चित्रपटगृहाबाहेर गाणे वापरले गेले की गीतकार आणि संगीतकाराला स्वामित्वशुल्काचा समान वाटा मिळालाच पाहिजे, आणि तो वाटा त्यांना कंपनीला लिहूनसुद्धा देता येणार नाही, असे कायद्यात आले. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी त्यासाठी भाषण केले होते. मित्राला आता वर्षातून काही वेळा इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीकडून पैसे येतात. रक्कम फार नसते. पण जमा झाल्याचा संदेश आला की तो मला त्याचा फोटो पाठवतो, आणि त्याखाली काहीही लिहीत नाही.

म्हणून तिसरी घंटा, तुम्हाला माझे सांगणे वेगळे आहे. दावे कसे चुकवायचे हा प्रश्न बाजूला ठेवा आणि लघुपटाकडे पाहा. दीड मिनिट बाबूजींचा आवाज लावला की कोणाचेही डोळे भरून येतात. त्यात आजी कुठे आहे आणि तुम्ही कुठे आहात? तुमच्या वर्णनात माझ्या डोळ्यांपुढे राहिली ती पेन्सिल आणि ती अडकलेली पट्टी. दोन्हींवर कोणाचा हक्क नाही.

काळी पाच

चौदा नंबर, तुमचे शेवटचे वाक्य पटले, पण गाणे लावून डोळे भरणे यात कमीपणा नाही. गीतरामायण ज्या घरात ऐकले गेले आहे, त्या घरातली आजी दुसरे काय ऐकेल? तिसरी घंटाने परवानगीचे पत्र पाठवावेच. उत्तर आले तर सोने.

तिसरी घंटा

सर्वांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण मध्ये अंतर्गत परीक्षा होत्या.

आम्ही परवानगीसाठी दोन पत्रे पाठवली. एकाचे उत्तर आले नाही. दुसऱ्याचे सौजन्याने आले, मात्र त्यात लिहिलेली रक्कम आमच्या संपूर्ण लघुपटाच्या खर्चाच्या तिप्पट होती. खर्चात वडापावही धरलेले आहेत. मग आम्ही पहिला प्रसंग पुन्हा चित्रित केला. आजी पेन्सिलीने फीत गुंडाळते, कॅसेट घालते, कळ दाबते, आणि टेपरेकॉर्डर फीत खातो. गाणे लागतच नाही. आजी कॅसेट बाहेर काढून पुन्हा पेन्सिल घालते आणि गुंडाळता गुंडाळता एक ओवी पुटपुटते. ही भूमिका करणाऱ्या काकू मूळच्या मावळातल्या आहेत. ती ओवी त्यांच्या आजीची, जात्यावरची; आम्ही ती संहितेत लिहिलेली नव्हती. त्यांच्याकडूनही या वेळी कागदावर संमती घेतली.

टीव्हीवर 'संत तुकाराम' ठेवला आहे, पण नातीला फोन येतो म्हणून आजी आवाज बंद करते, आणि मूक पडद्यावर विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा दिसत राहतात. आठवले यांच्या रचनेबद्दल कळले नसते तर ही कल्पना सुचली नसती. सतारीच्या संग्रहात व्यावसायिक वापराला मनाई निघाली. आमचा महोत्सव विनामूल्य असला तरी पुढे कटकट नको म्हणून ती काढली आणि श्रेयनामावली शांत ठेवली.

पेटीच्या दाव्यावर हरकत घेतली आहे. खाडिलकर आणि बखले यांची निधनवर्षे लिहिली, मैत्रिणीचे संमतिपत्र आणि मूळ चित्रण जवळ ठेवले आहे. आज अठरावा दिवस आहे, आणि दावेदाराकडून अद्याप काही आलेले नाही.